टोपी गेली, यंत्रं आली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पोर्ट्रेटचा फोटो मोठा करून पाहिला. चेहरा जमलाय, हनुवटीखालची सावली तर फारच छान. पण मागे दोन सन्मानचिन्हं, भिंतीवर पदवी, टेबलावर ग्रंथांची चळत, खांद्यावर शाल! घरच्यांनी जे जे सांगितलं ते सगळं तू घातलंस. चित्र कमी आणि सत्कार समारंभ जास्त झालाय. एवढ्या गर्दीत आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई कुठे दिसतात?

झाक-लुई दाव्हिद या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र या निमित्तानं नीट बघून घे. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याची बायको मारी-आन, १७८८ सालचं, हल्ली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. कॅनव्हास जवळजवळ २६० सेंटिमीटर उंच आणि १९५ रुंद, नवराबायको दोघंही डोक्यापासून पायापर्यंत. एवढं चित्र काढून घ्यायचं म्हणजे खिसा तसा लागतो. दाव्हिदला त्याचे ७००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मिळाले. ऐपत सांगायचं काम आकारानं, लाल मखमलीच्या टेबलक्लॉथनं आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र पोशाखानं उरकून टाकलंय. मागची भिंत बघ, करडी, सपाट, त्यात नुसते अर्धस्तंभ. नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेचा आदर्श मानणाऱ्या शैलीचा हा कोरडेपणा काहींना कंटाळवाणा वाटतो. मला वाटत नाही, कारण त्यामुळेच नजर हातांवर आणि चेहऱ्यांवर टिकते.

तो लिहितोय. हातात पिसाची लेखणी आहे, पण मान वर करून बघतोय तिच्याकडे. ती त्याच्या खांद्यावर रेलून उभी आणि बघतेय थेट आपल्याकडे. (घरात कुणाचं चालायचं, हे वेगळं सांगायला नको.) डावीकडे मागे खुर्चीवर चित्रांचा पोर्टफोलिओ ठेवलाय. तो उगाच नाही. ती दाव्हिदकडेच चित्रकला शिकली होती, आणि पुढच्याच वर्षी निघालेल्या लाव्हाझिएच्या ग्रंथातल्या आकृत्यांच्या १३ प्लेट तिच्या हातच्या आहेत. आता उजवा कोपरा बघ. टेबलक्लॉथखालून त्याचा काळ्या मोज्यातला पाय लांब बाहेर आलाय आणि त्याच्याजवळ जमिनीवर काचेचा भलामोठा चंबू आडवा पडलाय. दिवाणखान्यात असा चंबू कुणी ठेवत नाही. टेबलावरची उपकरणंही शोभेची नाहीत, त्यांच्या शेजारी लिखाणाची पानं आहेत. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी कामाची आहे.

आता खरी गंमत. म्युझियमच्या मंडळींनी इन्फ्रारेड आणि एक्स-रे तंत्रानं वरच्या रंगाखाली काय आहे ते तपासलं आणि २०२१ मध्ये जाहीर केलं. खाली निराळंच चित्र निघालं! मारी-आनच्या डोक्यावर फिती आणि कृत्रिम फुलांनी मढवलेली मोठी फॅशनेबल टोपी होती. उपकरण एकही नव्हतं. म्हणजे आधी होतं ते एका श्रीमंत जोडप्याचं चित्र. लाव्हाझिएचा पैसा राजाच्या वतीनं कर गोळा करणाऱ्या कंत्राटदारांच्या मंडळीतून येत असे, त्याला साजेसंच. मग टोपी गेली, यंत्रं आली.

पण काढून टाकलं म्हणून चित्र जास्त खरं झालं, असं समजू नकोस. आपण कसं दिसावं हे त्या दोघांनी आणि दाव्हिदनं मिळून ठरवलं होतं. करवसुली चित्रातून गेली, आयुष्यातून नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत, ८ मे १७९४ रोजी, लाव्हाझिएला आणि त्याच्या सासऱ्याला इतर करकंत्राटदारांबरोबर गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर चढवलं. तोवर दाव्हिद क्रांतीच्या बाजूनं सत्तेत बसलेला होता.

याच दाव्हिदनं १८१२ मध्ये नेपोलियनला अभ्यासिकेत उभा केलाय. घड्याळात चार वाजून गेलेत, मेणबत्त्या संपत आल्यात, टेबलावर कायद्याच्या संहितेचा कागद. माणूस रात्रभर जागून राज्य करतोय, हे आपल्याला पटवायचंच असं ठरवून मांडलेलं. नेपोलियन या चित्रासाठी बसलाही नव्हता! जाहिरात म्हणून अव्वल, पण माणूस मला लाव्हाझिएच्या चित्रातच जास्त भेटतो.

तेव्हा पुढच्या सिटिंगला बाईंना पोझ देऊ नकोस, काम दे. वाळवलेल्या रोपांच्या शीट त्यांच्यासमोर ठेव आणि बघत बस. भिंग कसं धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात की नाकाच्या शेंड्यावर, कुणी मध्येच बोललं तर कपाळाला आठी पडते का. हात तिथूनच घे. आत्ताचे तुझे हात मांडीवर ठेवून दिलेले आहेत, कुणाचेही चालतील. सन्मानचिन्ह एकच राहू दे, तेही त्या शीटवर वजन म्हणून ठेवत असतील तर फारच उत्तम. शाल हवीच असेल तर खुर्चीच्या पाठीवर टाक, रंगाचा ठिपकाही मिळेल. पदवी मात्र भिंतीवरून उतरव, ती कुणी वाचणार नाही.

कोळशात चार-पाच लहान स्केचेस करून पाठव, रंगाला हात त्यानंतर. आणि ॲडव्हान्स घेताना घरच्यांशी नेमकं काय ठरलं होतं तेही कळव, म्हणजे त्यांच्याशी कसं बोलायचं ते बघू.

तुझा,
सर