बेघर निवाऱ्यातल्या माणसांमध्ये आपलेपणा कसा निर्माण करता येईल?

तुमच्या गावात नगरपालिकेचा बेघर निवारा नुकताच सुरू झालाय. माणसं येतात, झोपतात आणि पहाटे एकमेकांशी न बोलता निघून जातात, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी सहा वर्षांपासून नांदेडच्या एका निवाऱ्यात संध्याकाळी जातो, त्या अनुभवावरून सांगतो.

सुरुवातीला आम्ही भजन ठेवलं, वाढदिवस केले, पाहुणे बोलावले. माणसं भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दिवसभर स्टेशनबाहेर लोकांपुढे हात पसरलेल्या माणसाला रात्री पुन्हा कुणाचे तरी उपकार नको असतात, हे कळायला मला वर्ष गेलं.

आमच्यातले बरेच जण सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवतात. तिथे सेवेला कुणीही बसू शकतं. बायकांच्या खोलीतली जालन्याकडची एक मावशी तिथे चपात्या लाटायला जाऊ लागली. एका रात्री आली आणि पलीकडच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "आज मह्या हातची चपाती खाल्ली का?" त्या दोघांचं ते पहिलं बोलणं.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही बाहेरून चहा आणणं बंद केलं. शेगडी आणि पातेलं घेतलं, साखर-पत्ती त्यांच्या ताब्यात दिली, पाळ्या त्यांनीच लावल्या. साखरेवरून भांडणं झाली, जोरात झाली. आम्ही मधे पडलो नाही आणि ती त्यांची त्यांनीच मिटवली. तुम्हीही पडू नका, मारामारीवर आलं तरच उठा. आणि एका गावची, एका उसाच्या टोळीतली माणसं सोबत आली असतील तर त्यांच्या खाटा शेजारीच ठेवा. जागेचं म्हणाल तर शहरी गरिबांसाठीच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या (ते 2024 मध्ये संपलं) निवाऱ्यांच्या निकषात माणशी किमान 50 चौरस फूट जागा होती, तेवढी मागून घ्याच. दाटीत माणूस आपलं गाठोडं सांभाळत बसतो, त्याला दुसरं काही सुचत नाही.

कागदपत्रांचं कामही एकेकट्याचं करू नका. मतदार यादीसाठी बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नाव नोंदवायच्या अर्जात, म्हणजे नमुना 6 मध्ये, लिहिलेल्या जागी तो खरंच झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन बघतात. आमच्याकडे ते आले तेव्हा सगळे उठून बसले आणि एकमेकांसाठी सांगू लागले, "हो साहेब, हा इथंच असतो."

मागच्या हिवाळ्यात हिंगोलीकडचे एक बाबा दवाखान्यात वारले. कागदावर 'बेवारस' लिहिलं होतं. आमचे चौघं पोलीस चौकीत जाऊन म्हणाले, "बेवारस कसा? आमचा हाय तो." चौकशी, जबाब यात दोन दिवस गेले, पण देह मिळाला. गोदावरीच्या घाटावर खांदा त्यांनीच दिला. मावशीने दहाव्याला त्याच पातेल्यात भात केला.

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना आहे: काही झालं तर कुणाला सांगायचं. कितीतरी जणांनी तिथे गावाकडचं नाव दिलं नाही, शेजारच्या खाटेवरच्याचं दिलं.