जुनी पेडल्स विकायचीत? आधी खालचे चार स्क्रू काढा

या महिन्यात गिटारच्या जुन्या पेडल्सबद्दल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मधे लावून आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या डब्यांबद्दल, तीन पत्रं आली, एक सांगलीतून, एक साताऱ्यातून आणि एक तासगावातून, आणि तिन्ही पत्रांचं दुखणं वेगवेगळं आहे म्हणून तिन्ही घेतोय. तबल्याच्या शाईचा आणि हार्मोनियमच्या भात्याचा प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेतो, थोडं थांबा.

प्रश्न: मी सांगलीत हरभट रोडजवळ राहतो, वय 41. कॉलेजात असताना आमचा बँड होता, आता नोकरी आणि दोन मुलं, गिटार वर्षातून दोनदा हातात येते. कपाटात तीन वस्तू पडून आहेत, बॉसचं डीएस-1, डनलॉपचं क्राय बेबी वाह आणि झूमचा 505 प्रोसेसर. विकून टाकावं म्हणतो. पण डीएस-1 आणि वाह 2019 च्या पुरात खालच्या खोलीत पाण्याखाली होते. नंतर उन्हात वाळवले. डीएस-1 चालतं, वाहला खरखर येते. झूम वरच्या मजल्यावर होता, तो कोरडा आहे. गिऱ्हाइकाला पुराचं सांगावं का? सांगितलं तर घेणार कोण? आणि किंमत काय लावू?

उत्तर: सांगायचं, आणि गिऱ्हाईक घरी आल्यावर नाही तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीतच लिहायचं. हे मी नुसतं चांगुलपणा म्हणून सांगत नाही, त्या पेडलच्या आत काय चाललंय ते मी बघितलंय म्हणून सांगतो. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, पाणी ओसरल्यावर गणपती पेठेतल्या एका मित्राचं डिले पेडल मी माझ्या टेबलावर उघडलं. बाहेरून पुसून चकचकीत केलेलं, चालू पण होत होतं. खालची प्लेट काढली तर आत सगळीकडे मैद्यासारखा बारीक गाळ, जॅकच्या पत्रीच्या मागं, नॉबच्या खाली, अगदी सर्किटच्या छिद्रांतसुद्धा, आणि दोन-तीन सोल्डरच्या टाक्यांवर हिरवट बुरशीसारखा थर धरायला लागला होता. पाणी वाळतं हो, गाळ वाळत नाही, तो पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतो आणि त्यात करंट चालू राहिला की तांब्याची बारीक रेघ हळूहळू खाल्ली जाते. म्हणजे आज चालणारं पेडल सहा महिन्यांनी ऐन कार्यक्रमात बंद पडू शकतं, आणि ज्यानं तुमच्याकडून घेतलं तो पोरगा सांगली-मिरजेतलाच असणार, तुम्हाला नाक्यावर भेटणार.

म्हणून विकायच्या आधी दोन्ही उघडा. सेल आत असेल तर तो पहिल्यांदा काढा. डीएस-1 ला खाली चार स्क्रू आहेत, ते काढले की प्लेट आणि काळं रबर एकत्र निघतं, प्लेटवरचं स्टिकर मात्र खरवडू नका, सीरियल नंबर त्याच्यावर असतो. जुना मऊ टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, आणि सर्किट हळू हळू ब्रशनं धुवून काढा. दोनदा करा, पहिल्या वेळेला अल्कोहोल चहासारखं होतं. एक दिवस पंख्याखाली ठेवा. रॉकेल नको, शिवणयंत्राचं तेल तर अजिबात नको, आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचा तो मोबाइलवाला उपाय इथं काही कामाचा नाही, कारण अडचण पाण्याची राहिलेलीच नाही.

वाहची खरखर पॉटची, म्हणजे नॉबखाली असतो तसल्या फिरत्या रेझिस्टरची आहे. पायाखालची पट्टी हलवली की एक दातेरी पट्टी पुढंमागं होते आणि ती त्या पॉटचं चाक फिरवते, तेवढाच सगळा खेळ आहे. पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि वीस-पंचवीस वेळा पूर्ण वर-खाली करा. खरखर गेली तर चांगलं, नाही गेली तर पॉट बदला, बहुतेक क्राय बेबीत 100 किलोओहमचा असतो पण नवा आणायच्या आधी जुन्यावर छापलेला आकडा वाचून घ्या. सोल्डरिंग येणारा कोणीही टीव्ही-रेडिओ रिपेअरवाला अर्ध्या तासात बसवून देतो. बसवला तर तेही जाहिरातीत लिहा, "पॉट नवीन टाकलाय" हे वाक्य भाव पाडत नाही, चढवतं.

आता किमतीचं. लोक इंटरनेटवर परदेशातले भाव बघतात आणि डोक्यात तोच आकडा घेऊन बसतात. तसं करू नका, आज ते पेडल भारतात नवीन केवढ्याला मिळतं ते बघा, चांगल्या स्थितीतल्या कोरड्या पेडलला मी त्याच्या निम्म्याच्या थोडं वर मागेन आणि निम्म्यात देईन. पुरातून निघालेलं, साफ केलेलं, चालणारं असेल तर एक तृतीयांश. हा माझा हिशोब आहे, बाजाराचा काही नियम नाही.

एक गोष्ट तपासा मात्र. डीएस-1 हे 1978 पासून बनतंय, सुरुवातीची जपानमध्ये बनली, नंतरची तैवानमध्ये, आणि 1994 पर्यंत आत तोशिबाची एक चिप होती ती पुढं बदलली, त्यामुळं जुन्या जपानी डब्याला हौशी लोक जास्त पैसे देतात. तुमच्या कॉलेजच्या वर्षांचा हिशोब केला तर तुमचं तैवानचं निघायची शक्यता जास्त, पण तेव्हा तुम्ही स्वतः सेकंडहँड घेतलेलं असेल तर सांगता येत नाही, खाली काय लिहिलंय ते वाचूनच आकडा ठरवा.

झूमचा 505 म्हणजे नव्वदच्या दशकातला प्लॅस्टिकचा प्रोसेसर, गिटारवाली नवी पोरं आता त्याच्याकडं बघत नाहीत. पण आपल्याकडं त्याचं दुसरं गिऱ्हाईक आहे, बँजोवाले. गणपतीच्या मिरवणुकीत जो इलेक्ट्रिक बँजो वाजतो तो बरेच जण असल्याच प्रोसेसरमधून काढतात, आणि त्यांना काय पाहिजे तर रस्त्यावर टिकणारा, साधा, पायानं दाबायची दोन बटणं असलेला डबा. तेव्हा श्रावण लागला की विकायला काढा, गणपती झाल्यावर कोण विचारणार नाही. त्याच्याबरोबर योग्य अडॅप्टर द्या, 9 व्होल्ट, मधली पिन मायनस, 300 मिलिअँपिअर. कमी ताकदीचा लावला की डिस्प्ले मधेच जातो आणि घेणाऱ्याला वाटतं डबाच बाद आहे. की-बोर्डचा मधली पिन प्लस असलेला अडॅप्टर कुणीतरी लावला आणि पेडल गेलं असं मी दोन-तीनदा बघितलंय, म्हणून अडॅप्टरवर कागदाची पट्टी चिकटवून पेडलचं नाव लिहूनच देत जा.

आणि आवाज ऐकवा. मिरजेत सतारमेकर गल्लीत जुना तानपुरा घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी भोपळ्यावर बोटानं टिचकी मारतो, मग तार छेडून जवारीचा झंकार ऐकतो, पैशाचं बोलणं त्याच्यानंतर. पेडलचंही तसंच पाहिजे. घेणाऱ्याला म्हणा स्वतःची गिटार घेऊन ये, तुमच्या अँपवर अर्धा तास वाजवू द्या. लांबचा असेल तर मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ करा, मधे कट नको, आधी पेडल बंद ठेवून गिटार, मग चालू, मग एकेक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत सावकाश फिरवायचा, आणि शेवटी तारांवर हात ठेवून दहा सेकंद गप्प बसायचं, म्हणजे पेडलची स्वतःची सळसळ किती ती ऐकू येते. डीएस-1 चा हा व्हिडिओ सेलवर करा. जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं, अडॅप्टरमुळं जी घूं येते ती पेडलच्या नावावर खपते आणि उगाच भाव पडतो.

प्रश्न: दादा, मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ राहतो, सेकंड इयरला आहे. माझं ओव्हरड्राइव्ह पेडल विकायला ऑनलाइन टाकलं होतं, दहा मिनिटांत एकाचा फोन आला, म्हणाला मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, माणूस पाठवून पेडल घेऊन जाईन. किंमत कमी कर म्हणाला पण नाही. आधी 5 रुपये पाठवले, आले पण. आता म्हणतो बाकीच्या पैशांसाठी क्यूआर कोड पाठवलाय तो स्कॅन कर आणि पिन टाक. करू का?

उत्तर: नको रे बाळा, अजिबात करू नको, हे पत्र छापून यायच्या आधी तुला फोन करून सांगितलंय तरी बाकीच्यांसाठी परत लिहितो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुझ्या खात्यातून जाणार, दुसरा अर्थ नाही. ते 5 रुपये तुझा भरवसा बसावा म्हणून होते.

मला राग कशाचा येतो सांगू, सातारा जिल्ह्यात घराघरात फौजी आहेत, अपशिंगे मिलिटरी तर गावाच्या नावातच मिलिटरी आहे, आपल्याकडं समोरचा "आर्मीत आहे" म्हणाला की माणूस उभा राहून बोलतो, आणि हे लोक नेमकं तेच वापरतात. गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो, कँटीनचं कार्ड, काहीही पाठवतील. जो पेडलचा एकही प्रश्न विचारत नाही, खरखर आहे का, बॉक्स आहे का, अडॅप्टर देणार का, आणि घासाघीस पण करत नाही, त्याला पेडल नकोच आहे. पैसे गेलेच असतील कुणाचे तर बसून राहू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका लवकर तितकी पैसे अडवता यायची शक्यता जास्त. खरं गिऱ्हाईक मिळालं की दिवसा भेट, चारचौघांत, अँप असलेल्या एखाद्या मित्राच्या घरी सगळ्यात बरं.

प्रश्न: मी तासगावला असते. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, परवा फोनवर म्हणाला आई, माळ्यावरचे ते डबे विकून टाक, मला आता लागत नाहीत. पाच डबे आहेत. मला त्यातलं काही कळत नाही, दोन हिरवे, एक निळा, एक लाल, आणि एक नुसत्या पत्र्याचा, त्याच्यावर कंपनीचं नाव नाही, मार्करनं "माती" असं लिहिलंय आणि दोनच बटणं आहेत. दुकानदाराला दाखवले तर तो सगळ्यांचे मिळून हजार देतो म्हणाला. देऊ का?

उत्तर: ताई, थांबा, हजारात देऊ नका. नुसता एक हिरवा जरी आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर निघाला तरी तेवढे पैसे त्या एकाचेच सहज येतील, मग भले त्याचा रंग उडालेला का असेना. तुम्ही एवढंच करा, प्रत्येक डब्याचे खिडकीजवळच्या उजेडात दोन फोटो काढा, एक वरून आणि एक खालून, म्हणजे नाव आणि नंबर दिसेल. खाली खरखरीत वेल्क्रोची पट्टी चिकटवलेली असेल तर ओढू नका, तिच्याबरोबर नंबरचं स्टिकर निघून येतं. हेअर ड्रायरनं थोडी गरम करून सावकाश सुटते, पण ते काम मुलगा आला की त्याला करू दे.

आज संध्याकाळी करायचं काम वेगळंच आहे. डब्यात चौकोनी सेल असतो, बघून काढून टाका. माळ्यावर वर्ष-दोन वर्षं पडलेला सेल आतून फुटू शकतो, मग पांढरी-निळी पावडर बाहेर येते आणि ती सेलची टोपी आणि वायर खाते. पावडर दिसली तर हाताला लावू नका, कापसाला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरड्या फडक्यानं. मी एकदा असंच कुरिअरनं पेडल मागवलं होतं, पाठवणाऱ्यानं सेल आत ठेवून दिला होता, माझ्यापर्यंत पोचेस्तोवर आत सगळं चिकट, सेलची वायर हातात तुटून आली. म्हणून पुण्याला पाठवायचं झालं तर सेल बाहेर काढून, नॉबच्या भोवती फोम गुंडाळून, स्पीड पोस्टनं पाठवा. नाहीतर सरळ दिवाळीला येईल तेव्हा त्यालाच घेऊन जाऊ दे, पुण्यात घेणारे जास्त आहेत.

आणि तो "माती" लिहिलेला पत्र्याचा डबा. तो त्यानं स्वतः केलेला दिसतोय ताई, दुकानातला नाही. मार्करचं अक्षर त्याचंच आहे का बघा. अंदाजानं ते फझ पेडल असणार, त्याचा आवाज तसाच असतो, जाड आणि भरड, नांगरलेल्या रानासारखा. बाजारात त्याला भाव नाही, दुकानदारानं तो हजारात धरलाच नसणार. पण असला पहिला डबा करताना पोरं रात्र रात्र सोल्डरिंग गन घेऊन बसतात, बोटं भाजून घेतात. "पाच डबे विक" म्हणताना तो या डब्याचं विसरला असेल. त्याचा फोटो वेगळा पाठवा आणि "हा पण का?" एवढंच विचारा. तोवर त्याच्यातलाही सेल काढून ठेवा.