आई-वडिलांशिवाय परदेशात आलेल्या स्थलांतरित मुलांना मानसिक आधार कसा द्यावा?

आधी सुरक्षित निवारा, शाळा आणि रोज भेटणारा एक भरवशाचा मोठा माणूस. समुपदेशन त्यानंतर.

ही मुलं ‘मला उदास वाटतंय’ असं क्वचितच म्हणतात. डोकं दुखतं, पोट दुखतं, झोप येत नाही, एवढंच सांगतात. म्हणून झोपेबद्दल जरूर विचारा. प्रवासात काय घडलं ते मात्र पहिल्याच भेटीत खोदून विचारू नका. अधिकाऱ्यांना, वकिलांना तेच सांगून ती आधीच थकलेली असतात. दुभाषा प्रशिक्षित आणि शक्यतो दर वेळी तोच असावा. ओळखीतला तर नकोच, कारण गोष्ट बाहेर फुटेल ही भीती खरी असते.

आघाताच्या आठवणींचा त्रास टिकून राहिला तर आघातकेंद्री वर्तनोपचारांचा, म्हणजे त्या आठवणींना हळूहळू सामोरं जायला शिकवणाऱ्या उपचारांचा, उपयोग होतो. पण आश्रयाचा अर्ज लटकलेला असेल आणि अठरावं वर्ष, म्हणजे मूल म्हणून मिळणारं संरक्षण संपण्याची वेळ, जवळ आलं असेल, तर मूल सैरभैर होणारच. तिथे चांगला वकील हासुद्धा उपचाराचाच भाग आहे, असं मला ठामपणे वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचं कलम 39 युद्ध, छळ किंवा शोषण सोसलेल्या मुलांना सावरण्यासाठी मदत देणं हे सरकारचं कर्तव्य मानतं, तेव्हा ती हक्काने मागा.

जीव द्यायची भाषा ऐकलीत तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.