वाचनाची आणि घरातल्या दुरुस्तीची आवड असलेल्या वडिलांना पंधरा हजारांत काय भेट द्यावं?

सलाम. तुम्ही लिहिलंय की पप्पा श्रीरामपूरला असतात, वय ६८, नजर थोडी कमी झालीय, पहाटे बायबल वाचल्याशिवाय चहा घेत नाहीत आणि त्यानंतर दिवसभर घरात काही ना काही खोलून बसलेले असतात. ई-रीडर घ्यावा, ड्रिल मशीनचा सेट घ्यावा की सरळ पुस्तकं, हा तुमचा प्रश्न. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, आता आमच्या चर्चमध्ये पुस्तकांचं टेबल सांभाळतो, आणि नवीन हत्यार दिसलं की अजूनही हात शिवशिवतात. त्यामुळे तिन्ही बाबतीत माझी मतं ठाम आहेत. पटतील ती घ्या.

तुम्ही दिलेल्या सगळ्या लिंक उघडून पाहिल्या. खोक्यावर जे ठळक छापलंय त्याचा रोजच्या वापराशी फार थोडा संबंध आहे. ड्रिलचे व्होल्ट सांगितलेत, पण त्याची बॅटरी दोन वर्षांनी सुटी मिळेल का, याचा पत्ता नाही. बायबलचं सोनेरी कडांचं कव्हर चार बाजूंनी दाखवलंय, आतलं एक पान दाखवलेलं नाही. आणि ज्याला दिसत नाही त्याला कव्हर काय करायचंय?

पुस्तकांपासून सुरू करतो, कारण घोळ तिथेच जास्त होतात.

तुमचं घर कॅथलिक की प्रोटेस्टंट हे तुम्ही लिहिलेलं नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारं, म्हणजे कॅथलिक घर असेल तर ७३ पुस्तकांचं बायबल लागेल. प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६ असतात. ऑनलाइन वर्णनात हे नेहमी लिहिलेलं नसतं, म्हणून अनुक्रमणिकेचं पान दिसल्याशिवाय ऑर्डर करू नका.

पुढचा मुद्दा भाषांतराचा. पप्पा आज जे वाचतात, तेच भाषांतर मोठ्या टाइपात घ्या. दुकानदार सोप्या भाषेतलं नवीन भाषांतर पुढे करील, आणि तरुणांसाठी ते चांगलंही असतं. पण ज्या माणसाला तेविसावं स्तोत्र लहानपणापासून पाठ आहे, त्याला दर ओळीला वेगळा शब्द भेटला की तो वाचत नाही, मनातल्या मनात दुरुस्त्या करत बसतो. रोजच्या वाचनातलं पुस्तक बदलायला लावू नये. दुसरं म्हणून शेजारी ठेवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ अवश्य द्या. त्याला भाषांतराचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय, आणि हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचं मराठी वाचताना हे मुळात इथेच लिहिलंय असं वाटतं. ग्रंथ मात्र जाडजूड आहे, मांडीवर घेऊन वाचायचा नाही.

आता दुकानात काय बघायचं ते. स्तोत्रसंहिता उघडा, एकच पान उचला आणि उजेडाकडे धरा. बायबलचा कागद पातळच असतो, पण काही छपाईत मागच्या बाजूची अक्षरं इतकी उमटतात की ओळीवर ओळ दिसते. अधू नजरेला टाइप लहान असण्याइतकाच हाही त्रास होतो, आणि ‘मोठा टाइप’ असं कव्हरवर लिहिलेल्या प्रतींमध्येही तो असतो. मग पुस्तक मिटून कण्याकडून वरून बघा. पानांच्या घड्यांचे छोटे छोटे फर्मे दिसले तर ते दोऱ्याने शिवलेलं आहे. सगळी पानं एकसारखी कापून नुसती चिकटवलेली दिसली तर ठेवून द्या. रोज उघडणाऱ्या हातात ते पुस्तक टिकत नाही, आधी उत्पत्ती सुटतं आणि मग प्रकटीकरण. चेनचं कव्हर घेऊच नका. चेनचे दाते पानांच्या कडा खातात, आणि म्हाताऱ्या बोटांना पहाटे ती चेन ओढणं नको होतं. मोठ्या टाइपाचं बायबल जड असतं, म्हणून पोथीसाठी असतो तसला घडीचा लाकडी स्टँड लागेल. तो विकत आणू नका. पप्पांना फळी द्या, आठवडाभराचं काम होईल.

बाकी पुस्तकांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरात असणारच, फक्त ती संक्षिप्त आवृत्ती आहे का ते बघा. असेल तर पूर्ण घ्या. हे मूळ चार भागांत १९३४ ते १९३६ दरम्यान आलेलं पुस्तक आहे, आणि काटछाट करणारे नेमके घरगुती फजितीचे प्रसंग आधी उडवतात. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि काही वर्षांनी स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. हा मधला काळ त्यांनी ज्या विनोदाने लिहिलाय, तसा विश्वासाबद्दल लिहिणारा माणूस मला आजवर दुसरा सापडलेला नाही. आमच्या टेबलावरून हे पुस्तक चर्चबाहेरचे लोकच जास्त घेऊन जातात.

गोव्यात आलेले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ सगळ्यांना झेपेल असं नाही. १६१६ साली गोव्यात राचोलला ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, आणि ओव्या दहा हजारांवर. ज्ञानेश्वरी चालीवर वाचायची सवय असेल तर पप्पा त्यात रमतील. नसेल तर कपाटाची शोभा होईल. घ्यायचंच तर देवनागरीतली आणि अर्थ दिलेली प्रत शोधा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलही असंच, ठेवा म्हणून मोलाचं. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झालं आणि छपाई त्यांनीच काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केली. जुनी प्रत कुठे सापडली तर सोडू नका, पण रोजच्या वाचनासाठी ती नव्हे.

परदेशी प्रवचनकारांच्या पुस्तकांची जी भाषांतरं येतात, ‘यशस्वी जीवनाच्या सात पायऱ्या’ छापाची, त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. मजकुराचं सोडा, त्यावर वाद होऊ शकतो. भाषाच अशी असते की मोठ्याने वाचायला गेलं की जीभ अडखळते. घेण्यापूर्वी मधलं कुठलंही पान तोंडाने वाचून बघा, दुकानदाराला लाज वाटली तरी चालेल. आणि बायबलची शब्दसूची हा जाडा ग्रंथ आता घेऊ नका. वचन शोधायला फोनवरचं मोफत अ‍ॅप त्याहून बरं. मराठी बायबल त्यात वाचता येतं आणि ऐकताही येतं. डोळे थकले की ऐकायचं, त्यासाठी वेगळा स्पीकर घ्यायची गरज नाही.

ई-रीडर. किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तकं मिळतात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि पडद्याचा उजेड डोळ्यांत घुसत नाही. हे सगळं खरं आहे. पण पप्पांना जी पुस्तकं वाचायची असतील, जुने अभंग, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक, मिशनच्या काळातली चरित्रं, ती बरीचशी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये भटकत असतात. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातलं अक्षर मोठं होत नाही, अख्खं पानच मोठं होतं, आणि सहा-सात इंची पडद्यावर ते डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. तरुण माणूस दहा मिनिटांत वैतागतो. अशा वाचनाला दहा इंची साधा टॅबलेट बरा. तो घेतलात तर पंधरातले बहुतेक हजार तिथेच गेले, म्हणून मी म्हणेन, यंदा नकोच.

त्याऐवजी भिंगाचा विचार करा, पण तुम्ही पाठवलेलं ते ‘१० एक्स, ९० मिलिमीटर’ नव्हे. हे गणित जमतच नाही. भिंग जितकं जास्त मोठं दाखवणारं, तितका त्याचा फोकस जवळचा. दहापटीच्या भिंगाचा फोकस अडीच सेंटीमीटरवर येतो, आणि तेवढ्या बाकाची तळहाताएवढी काच बनत नाही. दहापट म्हणजे घड्याळजी डोळ्याला लावतो ते. वाचायला दोन-अडीच पट आणि मोठी काच पुरते, पूर्ण ओळ एका वेळी दिसली पाहिजे. त्याच्या जोडीला वाकणाऱ्या मानेचा एलईडी टेबल लॅम्प. तो लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे ठळक पळताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. साध्या डोळ्याला कळत नाही, पण बऱ्याच जणांचं अशा दिव्याखाली डोकं चढतं.

आता हत्यारं. तुमच्या लिंकमधला ‘२१ व्होल्ट, १०८ पीस’चा सेट. लिथियमच्या पाच सेलची ती बॅटरी. सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्या झाल्या ४.२. पाचाने गुणा: एका हिशेबाने १८, दुसऱ्याने २१. नामवंत कंपन्यांचं १८ व्होल्ट आणि हे २१ व्होल्ट एकच. काही खोक्यांवर तर ४८ छापलेलं असतं आणि आत बॅटरी हीच निघते. माझ्याकडे अशाच एका सेटची बॅटरी बसली, कंपनीचं नाव घेत नाही, तर सुटी बॅटरी कुठेच मिळेना. मशीन ठणठणीत आणि उपयोग शून्य. म्हणून कॉर्डलेस घ्यायचं तर आधी त्याची सुटी बॅटरी शोधा. ती विकायला नसेल तर मशीनही घेऊ नका. १०८ पीसमधले शंभर पीस खोक्यातच राहतात. घरात लागतात ते भिंतीचे ६ आणि ८ मिलिमीटरचे बिट आणि चौफुलीचा दोन नंबरचा स्क्रू बिट. सेटमधले मऊ लोखंडाचे असतात, दोन-चार स्क्रूंत त्यांची टोकं गोल होतात.

घरच्या विटांच्या भिंतीला वायरवालं साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं, १० किंवा १३ मिलिमीटर चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा). पप्पांना माहीत असेलच, तरी सांगतो: सुरुवात हॅमर बंद ठेवून करावी, बिट सरकत नाही, बिटवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळावी, आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) ठोकायच्या आधी भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने उडवावी. ती आत राहिली की गिट्टी फिरते आणि दोष स्क्रूला जातो. बाजूला धरायची मूठ मशीनसोबत येते का ते जरूर बघा. बिट अडकलं की मशीन मनगट पिरगाळतं, आणि ६८ व्या वर्षी मनगट लवकर बरं होत नाही.

हातातल्या हत्यारांत माझा प्रश्नच नाही, नाशिकच्या टपारियाची पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर. नवीन वायरिंगच्या कामाला तारेला न लावता चालणारा, आवाज करणारा टेस्टर घ्या. खिशातल्या जुन्या टेस्टरचा छोटा निऑन दिवा दिवसाउजेडी चांगल्या डोळ्यांनाही नीट दिसत नाही, आणि पप्पांना तो दिसला नाही तर ‘करंट नाही’ असं समजून ते तारेला हात घालतील. नवा टेस्टरही आधी चालू सॉकेटवर वाजतो का ते बघूनच वापरायचा. याशिवाय कपाळाला बांधायची बॅटरी, म्हणजे टॉर्च. स्वस्त वस्तू आहे, दोन्ही हात मोकळे राहतात, लाइट गेल्यावर वाचायलाही कामाला येते. तुमच्या यादीतल्या सगळ्या गॅजेट्सपेक्षा हीच जास्त वापरली जाईल असं माझं मत.

पॉवर बँक काढून टाका. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टला चढवून केबलमधून बाहेर येईपर्यंत साधारण सहा हजार उरतात. घरात बसणाऱ्या माणसाला भिंतीतला प्लग आहे.

तर मोठ्या टाइपाचं बायबल, ‘सुबोध बायबल’, ‘स्मृतिचित्रे’, लॅम्प, भिंग, साधं ड्रिल, टेस्टर आणि कपाळाची बॅटरी, एवढं पंधरा हजारांत आरामात बसून पैसे उरतील. बायबल दुकानात जाऊन, शक्यतो पप्पांना सोबत घेऊन, त्यांच्या चष्म्यासकट घ्या. बाकी ऑनलाइन मागवा आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा. स्लॅबला किंवा बीमला भोक पाडायची वेळ आली तर हे ड्रिल नुसता आवाज करील, त्याला एसडीएस (खोबणीच्या दांड्याच्या) बिटचं रोटरी हॅमरच लागतं. ते विकत घेऊ नका, हार्डवेअरवाल्यांकडे दिवसाच्या भाड्याने मिळतं, आणि ते चालवायला पप्पांऐवजी तुम्ही उभे राहा.