‘सदर कामगार आमचे नाहीत’

प्रश्न : मी एसटीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो. ग्रॅच्युइटीच्या पैशांतून तयार कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीचे ६०० शेअर घेतले, त्याला सात वर्षं झाली. लाभांश वेळेवर येतो. मागच्या महिन्यात पेपरात वाचलं, की या कंपनीचे शर्ट जिथं शिवतात त्या एका गाळ्यावर कामगार खात्याची धाड पडली. आत ३२ माणसं, हजेरीपटावर ११. तीन पोरं चौदाच्या आतली. मजुरी किमान वेतनाच्या निम्मी. दुसऱ्या दिवशी कंपनीनं शेअर बाजाराला कळवलं, की सदर गाळा पुरवठादाराचा आहे, सदर कामगार आमचे नाहीत, व्यवसायावर लक्षणीय परिणाम नाही. भाव पडला आणि आठवड्यात सावरला. मुलगा म्हणतो, सोडून द्या. पण माझे वडील इथंच सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, रात्रपाळी करायचे आणि त्यांचंही नाव सहा वर्षं मस्टरवर नव्हतं. कंपनी खरं बोलतेय का, हे कसं ओळखायचं? ६०० शेअरवाल्याला विचारायचा हक्क तरी असतो का?
— र. वि., इचलकरंजी

उत्तर : र. वि., खुलाशाचं कात्रण सोबत पाठवलंत ते बरं केलंत. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला त्यात माझंच अक्षर दिसायला लागलं.

मी एकतीस वर्षं कंपनी सचिवाची नोकरी केली. नव्वदीच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत असताना आमच्या पॅकिंग खात्यात तपासणी झाली. रात्रपाळीला चाळीसेक बाया काम करत होत्या आणि मस्टरवर एकीचंही नाव नव्हतं. सकाळी साडेनऊला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अकराच्या आत पत्र हवं म्हणाले. मी लिहिलं : ‘आमच्या आस्थापनेवर नोंद नसलेला एकही कामगार नाही.’ वाक्य खरं होतं. आस्थापना आमची, बाया मुकादमाच्या. साहेब खूश झाले. मी पण झाले, खोटं कशाला सांगू. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि असं वाक्य जमलं की हुशार वाटायचं.

म्हणून सांगते, त्या कात्रणातला शब्द न् शब्द खरा असेल. खुलाशात सहसा कुणी खोटं लिहीत नाही, सापडलं तर महागात पडतं. तुम्ही त्यात तारीख शोधा. गाळ्यात काय चाललंय हे कंपनीला पहिल्यांदा कधी कळलं? तुमच्या कात्रणात ही तारीख नाही. आमच्या पत्रातही नव्हती, कारण ती लिहिली असती तर बाकीचं पत्र लिहिताच आलं नसतं.

इंग्लंडमधल्या बूहू या कंपनीचं प्रकरण तुमच्या कामाचं आहे. मँचेस्टरची, ऑनलाइन स्वस्त कपडे विकणारी कंपनी. माल बराचसा लेस्टरच्या छोट्या शिलाई कारखान्यांतून यायचा. जुलै २०२० मध्ये तिथल्या एका रविवारच्या वृत्तपत्रानं छापलं, की लेस्टरच्या कारखान्यात कामगारांना तासाला साडेतीन पौंड मिळतात. पंचविशीपुढच्या कामगाराचं किमान वेतन तेव्हा ८.७२ पौंड होतं. सोमवारी बाजार उघडला आणि एका दिवसात कंपनीच्या बाजारमूल्यातले एक अब्ज पौंडांहून जास्त उडाले. कंपनीनं काय म्हटलं असेल? आम्हाला धक्का बसलाय, तो कारखाना आमच्या पुरवठादारांच्या यादीत नाही, आमचे कपडे तिथं गेलेच कसे याचा शोध घेतोय. इचलकरंजीचं कात्रण आणि मँचेस्टरचं निवेदन शेजारी ठेवलं तर एकाच गुरुजींनी शिकवल्यासारखं वाटतं.

स्टँडर्ड लाइफ अबर्डीन हा मोठा भागधारक त्याच आठवड्यात बहुतेक शेअर विकून बाहेर पडला. कंपनीचा प्रतिसाद विषयाच्या मानानं तोकडा आहे, असं त्यांचं म्हणणं. मग कंपनीनं ॲलिसन लेव्हिट या ज्येष्ठ वकील बाईंना चौकशीला नेमलं. सप्टेंबरमध्ये त्यांचा २३४ पानांचा अहवाल आला. आरोप मोठ्या अंशी खरे, पण कंपनीनं स्वतः गुन्हा केल्याचा पुरावा नाही, असं त्यात होतं. आणि तारीखही होती : लेस्टरमधल्या कामगारांची स्थिती गंभीर आहे हे वरिष्ठ संचालकांना उशिरात उशिरा डिसेंबर २०१९ पासून माहीत होतं.

आता मधले महिने मोजा. डिसेंबरात माहीत. जूनमध्ये याच कंपनीनं संस्थापकांसह वरच्या मंडळींसाठी १५ कोटी पौंडांची बक्षीस योजना जाहीर केली, तीन वर्षांत शेअरचा भाव दोन तृतीयांशानं वाढवला तर. जुलैत बातमी, आणि धक्का.

अहवाल आला त्या दिवशी शेअरचं काय झालं सांगू? वर गेला. बाजाराला वाटलं, चला, संपलं एकदाचं. तुमचा भाव आठवड्यात सावरला याचा अर्थ कंपनी खरं बोलली असा मुळीच घेऊ नका. बूहूचं तर संपलंही नव्हतं. चार वर्षांनी, २०२४ मध्ये, चाळीसहून अधिक संस्थात्मक गुंतवणूकदार नुकसानभरपाईसाठी लंडनच्या न्यायालयात गेले. त्यांची तक्रार तुमचीच आहे : तुम्हाला माहीत होतं आणि आम्हाला सांगितलं नाही.

आता तुमच्या कंपनीकडे वळू. ‘आमचे कामगार नाहीत’ हे कायद्यात कितपत टिकतं, ते माणसं गेटच्या आत बसतात की बाहेर यावर आहे. ठेकेदारानं माणसं आणून कंपनीच्याच शेडमध्ये बसवली असतील, तर त्यानं बुडवलेली मजुरी मूळ मालकानं भरायची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही हे सूत्र राहिलंय. पण गाळा दुसऱ्याचा, मशिनं दुसऱ्याची आणि कंपनी फक्त कापड देऊन पीसवर शिवून घेते, असं असेल तर तो जॉबवर्कवाला झाला आणि कंपनीचा वकील आरामात बसतो. चौदाच्या आतल्या पोरांना कामाला लावणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, पण तीही आधी गाळेवाल्याच्याच मानगुटीवर. तुमची कंपनी बहुधा या दुसऱ्या प्रकारात बसते. म्हणजे कायद्यानं ती सुटेलही. तुम्ही मात्र कायद्याचं विचारलं नव्हतं.

तेव्हा वार्षिक अहवाल काढा. फोटोची पानं सोडा. तुम्ही हिशेबनीस होतात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर दिसेल. इतर खर्चाच्या टिपेत ‘जॉबवर्क’ किंवा ‘प्रक्रिया खर्च’ असा आकडा असतो. तो पाच वर्षांचा ओळीनं लिहा, खाली पगारखर्च लिहा आणि त्याखाली विक्री. विक्री वाढतेय, पगार जागच्या जागी आणि जॉबवर्क फुगतंय, म्हणजे शिलाई गेटबाहेर गेली. त्यात गैर काही नाही, निम्मी इचलकरंजी त्यावर जगते. पण जॉबवर्कचा खर्च शर्टांच्या संख्येनं भागून बघा. संख्या अहवालात असतेच असं नाही, असली तर भागा. एका शर्टामागे येणाऱ्या रकमेत किमान वेतन देऊन शर्ट शिवून होतो का, हे तुमच्या गल्लीतला कुठलाही टेलर सांगेल. जे टेलरला कळतं ते खरेदी खात्याच्या मॅनेजरला कळत नव्हतं, असं कोणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी जागा. बाजारमूल्यानं पहिल्या हजारात असलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नमुन्यात व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात मानवी हक्कांचं पाचवं तत्त्व आहे. बालमजुरी, सक्तीची मजुरी, वेतन यांबाबत किती टक्के कारखाने तपासले, असा रकाना असतो. तिथं बहुतेक कंपन्या ऐटीत १०० लिहितात. मात्र ते स्वतःचे कारखाने. पुरवठादारांपैकी किती तपासले हा प्रश्न पुढे ऐच्छिक भागात येतो आणि तिथं पुष्कळदा रेघ मारलेली असते. तुमच्या कंपनीची ती रेघ आहे का बघा. रेघ असेल तर त्यांना माहीत नव्हतं हे कदाचित खरं, कारण त्यांनी बघितलंच नाही. आणि तिथंही १०० टक्के लिहिलेलं असेल, तर मग ३२ माणसं आणि तीन पोरं त्या तपासनिसाला कशी दिसली नाहीत? माझ्या मते दुसरी अवस्था जास्त वाईट.

हक्काचं म्हणाल तर ६०० शेअर खूप झाले, एक शेअर पुरतो. सभेची नोटीस, अहवाल, सभेत बोलणं, मत देणं, सगळं एका शेअरवर मिळतं. संचालक मंडळाचं इतिवृत्त मात्र भागधारकाला बघता येत नाही. फक्त सर्वसाधारण सभेचं मिळतं, त्यामुळे तारीख तोंडानंच विचारावी लागते. भागधारकांनी मिळून करायचा वर्गदावा म्हणून कंपनी कायद्याचं कलम २४५ आहे, त्याला शंभर सभासद किंवा ठरावीक हिस्सा लागतो. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, वकिलाची फी लाभांशातून निघायची नाही.

सभा आता बहुधा व्हिडिओवर होते. नोटिशीत वक्ता म्हणून नाव नोंदवायची मुदत आणि ईमेल दिलेला असतो. ती मुदत सभेच्या कितीतरी दिवस आधी संपते आणि लोक नेमके तिथंच चुकतात. प्रश्न त्याच ईमेलमध्ये लेखी पाठवा, म्हणजे सभेत आवाज तुटला तरी कागद राहतो. अध्यक्षांना विचारू नका. अध्यक्ष कविता म्हणतात, आभार मानतात आणि पुढचा वक्ता बोलावतात. लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना नावानं विचारा. ते स्वतंत्र संचालक असतात आणि भागधारकांच्या प्रश्नांसाठी त्यांनी वार्षिक सभेला हजर राहायचं, असा सेबीचा नियमच आहे. प्रश्न एवढाच ठेवा : ‘या पुरवठादाराची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, तिचा अहवाल आपल्या समितीसमोर कोणत्या तारखेला आला?’ वडिलांचं सांगू नका. सांगितलंत तर ते गहिवरून उत्तर देतील आणि तारीख राहून जाईल.

हे मला एका म्हाताऱ्या भागधारकानं शिकवलं. माझ्या त्या पत्रानंतरच्याच सभेत. गिरगावातले गृहस्थ, दरवर्षी यायचे, वडा-वेफर्सचा पुडा घ्यायचे, आम्ही त्यांना हसायचो. त्या वर्षी उभे राहिले आणि म्हणाले, ‘पॅकिंगचा खर्च दीडपट झाला नि पॅकिंगवाल्यांचा पगार घटला. खोकी आपोआप भरतात काय हो?’ सभागृह हसलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी चिठ्ठी सरकवली : ‘लेखी कळवू.’ कुणीच कळवलं नाही. ते काम माझं होतं.

विकायचे की ठेवायचे हे मी सांगणार नाही, तो सल्ला द्यायचा परवाना माझ्याकडे नाही. सभेपर्यंत ठेवा, एवढं मात्र म्हणेन. विकल्यावर कोण तुमच्या प्रश्नाला उत्तर देणार? आणि संचालकांच्या फेरनियुक्तीचा ठराव असेल तर ई-मतदानात ‘विरोध’ हेही बटण असतं.

प्रश्न : वरच्यासारख्याच एका कंपनीत माझे पैसे म्युच्युअल फंडातून आहेत. मग माझं मत कोण देतं?
— सु. का., डोंबिवली

उत्तर : फंड देतो. एप्रिल २०२२ पासून फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणं सक्तीचं आहे, आणि कुठं कसं दिलं, का दिलं, हे दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकावं लागतं. तक्ता लांबलचक असतो. कंपनीचं नाव टाकून शोधा आणि शेवटचा, कारणाचा रकाना वाचा. प्रत्येक ठरावापुढे तेच एक वाक्य चिकटवलेलं दिसलं, तर फंडाच्या गुंतवणूकदार सेवा अधिकाऱ्याला पत्र लिहा. उत्तर आलं तर मला पाठवा, इथं छापू.