मका बुरशीचा, नोटीस दुकानाला

प्रश्न : मोहोळ तालुक्यात माझे ब्रॉयलरचे शेड आहे आणि सोलापूर शहरात चिकनचे छोटे दुकान. दोन महिन्यांपूर्वी सोलापुरातल्या एका व्यापाऱ्याकडून १०० पोती मका घेतला आणि खाद्य घरीच दळले. आधीची बॅच याच खाद्यावर वाढवून दुकानातून विकली. आताच्या बॅचमध्ये मरतुक ४०० वर गेली. पशुवैद्यकांनी यकृत पिवळे व सुजलेले असल्याचे नोंदवून अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीतून तयार होणाऱ्या विषाचा) संशय लिहिला आहे. व्यापारी म्हणतो, ‘माल बघून घेतलात, आता माझा संबंध नाही.’ त्यातच अन्न व औषध प्रशासनाने दुकानातून नेलेल्या कलेजीचा ‘असुरक्षित’ असा अहवाल १२ दिवसांपूर्वी आला. व्यापाऱ्याची तक्रार याच खात्याकडे करू का? उरलेले पक्षी विकू का? २० पोती मका अजून शिल्लक आहे.

उत्तर : आधी घाईचे काम. अन्न विश्लेषकाचा अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चे कलम ४६(४) आणि २०११ च्या नियमांतला नमुना आठ हा त्याचा आधार. तुमच्या हातात १८ दिवस आहेत. अपील मान्य झाले तर राखून ठेवलेला भाग रेफरल (फेरतपासणीच्या) प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निष्कर्ष अंतिम असतो. नमुना घेताना त्याचे चार भाग होतात. चौथा भाग अधिमान्य प्रयोगशाळेकडे पाठवा, अशी मागणी तुम्ही तेव्हाच केली होती का, हे पंचनाम्यात बघा. केली नसेल, तर अपील हाच मार्ग आहे.

अपिलात नुसते ‘अहवाल मान्य नाही’ लिहून भागत नाही. अफ्लाटॉक्सिन बी-१ (या विषाचा एक प्रकार) चे प्रमाण किती, ते कोणत्या पद्धतीने मोजले आणि कोणत्या तरतुदीतली मर्यादा लावून कलेजी असुरक्षित ठरवली, हे विचारा. धान्यासाठी किलोला १५ मायक्रोग्रॅम आणि दुधात उतरणाऱ्या एम-१ या प्रकारासाठी ०.५ मायक्रोग्रॅम अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत. एका पदार्थाची मर्यादा दुसऱ्याला लावलेली नाही ना, हे तपासणे तुमचा हक्क आहे. ‘नमुना शिळा झाला म्हणून विष दिसले’ हा बचाव मात्र घेऊ नका. हे विष साठवणीत सहजी विरत नाही आणि रश्श्यात उकळूनही जात नाही. त्या युक्तिवादाने तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडेल.

खटल्याची भीती खरी आहे. कोणाला इजा झाली नसली तरी कलम ५९ खाली असुरक्षित अन्न विकल्याबद्दल ३ महिन्यांपर्यंत कैद आणि ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो (२०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतरची तरतूद). पण कलम ८० मध्ये योग्य ती सर्व काळजी घेतल्याचा बचाव आहे, आणि तो कागदांवर उभा राहतो : खरेदीची बिले, मरतुकीचे रजिस्टर, पशुवैद्यकांचा अहवाल, विक्री कधी थांबवली याची नोंद. संशय कळल्यावरही कलेजी-पेटा विकत राहिलात, तर हा बचाव उरत नाही. म्हणून त्या बॅचचा जो माल फ्रीजरमध्ये असेल तो आजच बाजूला काढा, ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावा आणि खात्याला लेखी कळवा. खटल्याच्या मंजुरीचा निर्णय होण्याआधी हे पत्र फाइलमध्ये असले पाहिजे.

आता व्यापारी. त्याची तक्रार या खात्याकडे टिकण्याची शक्यता कमी. याच कायद्याच्या व्याख्येत पशुखाद्य ‘अन्न’ नाही, आणि कलम १८(३) ने शेतकरी, पशुधन व शेतीसाठी वापरायचा माल कायद्याबाहेर ठेवला आहे. शेडवर तुम्ही शेतकरी, पण दुकानात अन्न व्यावसायिक. नोटीस दुकानाला आली ती त्यामुळे. मक्याचे भांडण वस्तुविक्री कायदा, १९३० आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली लढायचे.

‘बघून घेतला’ या उत्तरावर वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये तोड आहे. पाहणीत जो दोष दिसायला हवा होता, तेवढ्याचीच जबाबदारी विक्रेत्यावरून उतरते. अफ्लाटॉक्सिन डोळ्यांना दिसत नाही. मात्र दाण्यावर हिरवट बुरशी दिसत होती, कुबट वास येत होता आणि तरी तुम्ही पोती उतरवून घेतली, तर बाजू दुबळी आहे, हे मी लपवणार नाही.

व्यापाऱ्याचा खरा बचाव वेगळाच असेल : बुरशी तुमच्या गोदामात लागली. ओलावा १४ टक्क्यांच्या वर असेल तर मक्यावर ती कुठेही वाढते. त्यामुळे ती २० पोती हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे आणि तो रोज खराब होतो आहे. विष सगळ्या पोत्यांत सारखे नसते, एखाद्याच कोपऱ्यात साठलेले असते. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून पोकळ सळईने दाणे काढा, एकत्र मिसळा आणि त्याचे किलो-किलोचे तीन भाग करा. प्लॅस्टिकला घाम सुटतो, म्हणून कापडी किंवा कागदी पिशव्या घ्या. दोन पंचांसमोर लाख लावून सील करा, व्हिडिओ काढा. व्यापाऱ्याला आधी लेखी बोलवा. आला नाही तर तसे नोंदवा. एक भाग एनएबीएल मान्य प्रयोगशाळेत द्या आणि ओलावा व बी-१ दोन्ही तपासून घ्या. कोंबडीखाद्याच्या आयएस १३७४ या भारतीय मानकातली बी-१ ची २० पीपीबी (किलोला २० मायक्रोग्रॅम) ही मर्यादा मोजपट्टी म्हणून वापरता येईल. त्याच लॉटचा मका घेतलेला दुसरा पोल्ट्रीवाला सापडला, तर त्याचे शपथपत्र सोन्यासारखे आहे.

पक्के बिल नसेल तर यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे बोलणे चालते, पण सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. ग्राहक आयोगात ‘हा तर व्यवसाय’ अशी हरकत येईल. हा व्यवसाय स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. मक्याची रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने सोलापूरचा जिल्हा आयोग चालेल. ती ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षे. दुकानात नोकर ठेवून मोठा धंदा असेल, तर ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा जास्त सुरक्षित.

उरलेले पक्षी आज विकू नका. खाद्य लगेच बदला. दूषित खाद्य थांबले की मांसातला अंश उतरत जातो, पण किती दिवसांत ते आधीच्या प्रमाणावर अवलंबून. म्हणून दोन-तीन पक्ष्यांचे मांस आणि यकृत तपासून मगच लिफ्टिंग (विक्रीसाठी पक्ष्यांची उचल) करा. इतकी मरतुक आहे म्हटल्यावर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी कळवा, म्हणजे राणीखेत, बर्ड फ्लूची शंकाही फिटेल. त्यांच्यामार्फत यकृताचे तुकडे औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवण्याची विनंती करा : फॉर्मेलिनमधले वेगळे, विषाच्या तपासणीसाठी गोठवलेले वेगळे. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांना किंवा मासळीच्या तळ्याला देऊ नका.