कृतज्ञतेची डायरी रोज लिहायची सवय कशी लावू? दर वेळी आठ-दहा दिवसांत बंद पडते

तुम्ही म्हणता, घर आहे, नोकरी आहे, तब्येत बरी आहे, हे तेच तेच लिहून कंटाळा येतो. माझं पहिल्या खेपेला अगदी हेच झालं. नवव्या दिवशी मी "आई" एवढाच शब्द लिहिला आणि वही मिटली. आईवरची माया काही आटली नव्हती. त्या दिवशी आईनं नेमकं काय केलं, ते मी लिहितच नव्हते.

मी कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या आडत दुकानात हिशेब बघते. वडील तिथंच दिवाणजी होते. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण त्यांच्या हातच्या कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, मी बघितल्यात. जमेच्या बाजूला नुसती रक्कम कधीच नसायची. कुणाच्या खाती, कशापोटी, आणि शेवटी 'हस्ते' अमुक. पैसे कुणीही पाठवलेले असोत, ज्याच्या हातून आले त्याचं नाव लागायचंच. मी माझ्या वहीला तोच नियम लावला. हस्ते नाही तर नोंद नाही.

"तब्येत बरी आहे" याला हस्ते लिहिता येत नाही. "पावसात दाभोळकर कॉर्नरला गाडी बंद पडली, रिक्षावाल्या मामांनी प्लग पुसून दिला, पैसे घेतले नाहीत" याला येतं. रंकाळ्यावरचं वारं लिहावंसं वाटलं, तर मला तिथं ओढून कुणी नेलं, ते लिहायचं, धाकट्या बहिणीनं. असं लिहायला लागलं की दोन दिवस सारखे निघत नाहीत. मग दुपारीच मनात येतं, हे आज वहीला लागणार. मला विचाराल तर खरा फायदा या दुपारच्या लक्षात आहे, रात्रीच्या लिहिण्यात कमी.

आता वेळेचं. आधी मी मोबाईलवर रात्री दहाचा गजर लावला होता. तो वाजायचा तेव्हा कधी हात भांड्यांत असायचे, कधी डोळा लागलेला असायचा. आमच्याकडं संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावरून म्हशीचं दूध येतं. रात्री ते तापत ठेवलं की पाच-सात मिनिटं गॅससमोरून हलता येत नाही. ओट्याशेजारी खिळ्याला वही टांगली, दोऱ्यानं पेन्सिल बांधली. दूध वर येईस्तोवर एक ओळ होते. तुमच्या घरात असं रोज आपोआप घडणारं, जागेवर थांबायला लावणारं काय आहे, ते शोधा.

एकवीस दिवसांत सवय लागते, या हिशेबावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून खाडा पडला तर पहिल्यापासून मोजू नका, दुसऱ्या दिवशी पुढची ओळ लिहा.

आणि रोजच लिहायला पाहिजे असंही नाही. रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलो यांच्या २००३ च्या गाजलेल्या अभ्यासात एका गटानं आठवड्यातून एकदाच, असं दहा आठवडे लिहिलं होतं, तरी त्यांना आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. ओळी शिळ्या वाटायला लागल्या तर काही दिवस फक्त रविवारी लिहा.

वाईट दिवसांबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आमच्या घरात पाणी शिरलं. आम्ही राजारामपुरीत मावशीकडं गेलो. शहराला पाण्याचा वेढा आणि नळाला थेंब नाही. वही घरातच भिजून गेली. त्या दिवसांत 'आभार' हा शब्द लिहायला हात धजत नव्हता. मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मधोमध रेघ मारली. कीर्दीला नावेची, म्हणजे गेलेल्याची, बाजू असतेच की. तिथं लिहिलं, फ्रिज, गाद्या, वडिलांच्या दोन कीर्दी. जमेला लिहिलं, दोन कळश्या पाणी, तिसऱ्या मजल्यापर्यंत, हस्ते समोरच्या घरातला पोरगा. नाव माहीत नव्हतं म्हणून जागा मोकळी सोडली. गेलेलं लिहिल्यावरच आलेलं खरं वाटलं. तुम्हीही दुःख झाकून जमा लिहू नका. आणि झोप, जेवण बरेच आठवडे बिघडलेलं असेल तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

गणपतीच्या आधी आम्ही घरी परतलो. एक दिवस मुद्दाम मावशीकडं जाऊन त्या पोराला नाव विचारलं, कशासाठी तेही सांगितलं. तो लाजून आत पळाला, नाव त्याच्या आजीनं सांगितलं. त्या रात्री दूध तापत असताना मोकळ्या जागेत ते भरलं.